गरम पातेलं उचलायचं नाही

माझ्या थोरल्या जावेला सगळी शाळा पैलवान म्हणते. हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही. पोरांनीच ठेवलं असणार, शिक्षकांना नावं ठेवता ठेवता त्यांचा हात बसलेला असतो. पण तिला ते शोभतं. उंची बेताची, अंग आडवं आणि भक्कम, दंड असे की शिंप्याने एकदा माप घेऊन परत घेतलं, आपलंच चुकलं असेल म्हणून. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी ओळख करून दिली ती अशी: "ही तुझी जाऊ. कपाट सरकवायचं असलं की हिला हाक मार, नवऱ्याला मारू नकोस."

शाळेच्या स्वयंपाकघरात ती आधीपासून होती, तिच्याच शब्दावर मला तिथं काम लागलं. ती शेगडीवर, मी निवडणं-चिरणं आणि भांड्यांवर. घरात थोरली ती आणि कामावरही थोरली तीच, म्हणजे मला सुटका कुठेच नाही. पहिले काही महिने मी मनातल्या मनात खूप कुरकुरले. मग सवय झाली, आणि सवयीच्या खाली कधीतरी माया येऊन बसली. आम्ही दोघींनीही ते कधी बोलून दाखवलं नाही.

स्वयंपाकघर शाळेच्या मागच्या अंगाला. लांबट खोली. एका भिंतीला जवळजवळ जमिनीवरच बसवलेल्या मोठ्या शेगड्या, समोरच्या भिंतीला भांडी घासायचा कट्टा, आणि दोहोंच्या मधली फरशी कोरडी पाहिल्याचं मला आठवत नाही. नळाचा जोड गळायचा, भाताची पेज सांडायची, त्यावर तेलाचा हात. वाफ ओढायला वर एक पंखा होता, तो काम कमी आणि आरडाओरडा जास्त करायचा. दाराला उंबरठा, पलीकडे एक पायरी खाली, मग वऱ्हांडा, आणि वऱ्हांड्याच्या टोकाला ताटं घेऊन बसलेली मुलं. उकळती डाळ शेगडीवरून उतरवून ही सगळी वाट चालायची. दोघींनी दोन कड्यांना फडकी गुंडाळून धरायचं आणि तिसरीने पुढे "सरका, सरका" करायचं. ही रोजची रीत.

पैलवान एका बाजूला असली की दुसऱ्या बाजूला कुणीही चालायचं, कारण भार तीच घ्यायची. कधी कधी भाताचं पातेलं ती एकटीच पोटाशी धरून निघायची. मग वरच्या वर्गाच्या खिडकीतून पोरं टाळ्या पिटायची. ती वर बघायची नाही, पण तिची चाल बदलायची. मी घरची, मला ते बरोबर कळायचं.

चिमणी आमच्यात नंतर आली. अंगाने काडी, आणि तोंड क्षणभर मिटायचं नाही, म्हणून चिमणी. घरी तान्ही मुलगी आणि सासू. कामाला चटपटीत होती. डाळ ढवळता ढवळता मुलीने काल काय केलं, परवा काय केलं, उद्या काय करील, सगळं सांगायची. पैलवान म्हणायची, "अगं, तोंडाला झाकण लाव, वाफ जातेय." आणि चिमणी अजून जोरात हसायची.

त्या दिवशी नळाचा जोड जरा जास्तच गळत होता. जेवणाची घंटा झाली होती आणि डाळ नुकतीच उतरवली होती. एका कडीला पैलवान, दुसऱ्या कडीला चिमणी, पुढे मी. मी उंबरठा ओलांडला आणि मागून पैलवानचा आवाज ऐकला, शब्द नाही, नुसता हुंकार. वळून बघते तर पातेलं तिरकं झालेलं, चिमणीचा पाय फरशीवरून सटकलेला, आणि डाळ तिच्या गुडघ्यापासून पावलापर्यंत.

ती ओरडली नाही. मला आजही तेच आठवतं. सारखी बडबडणारी मुलगी, पण त्या वेळी तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. नुसते डोळे मोठे झाले. शिपाईमामा कुठून तरी टूथपेस्टची नळी घेऊन धावत आले. कुणी म्हणालं बर्फ आणा. तेवढ्यात आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, ऑफिसातून धावत आल्या. वयाने पन्नाशीच्या पुढे, चष्मा नाकावर घसरलेला.

"काही लावू नका! पाणी. नुसतं नळाचं पाणी. हिला बाहेर घ्या."

पैलवानने चिमणीला लेकरासारखं उचललं आणि बागेच्या नळापाशी नेऊन बसवलं. मोठ्या बाई चिखलात गुडघे टेकून बसल्या आणि स्वतः नळी धरली. पायात पैंजण होतं, ते सूज यायच्या आत काढायला लावलं. चिकटलेला कपडा मी ओढायला गेले तर माझा हात धरला. "ओढू नका, कातडी येईल." पाणी वाहत राहिलं. चिमणी कुडकुडायला लागली तरी बाईंनी नळी हलवली नाही, तिच्या खांद्यावर आपली शाल मात्र टाकली. मग स्वच्छ ओलं कापड सैलसर गुंडाळून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले की पाणी घातलंत ते फार चांगलं केलंत, नाहीतर पाऊल वाचवायला जड गेलं असतं.

पैलवानने आत येऊन पातेलं सरळ केलं, फरशी पुसली, आणि पुसून झालेली फरशी परत पुसली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी आम्हाला बोलावलं. गणिताचे सर तिथं होते, स्वयंपाकघराची देखरेख त्यांच्याकडे. माणूस वाईट नाही, पण हिशेब पटकन संपवायची सवय.

"तिच्या पायात घरातल्या चपला होत्या," सर म्हणाले. "तळ गुळगुळीत. कितीदा सांगितलं असेल! निष्काळजीपणा, दुसरं काय."

चपला गुळगुळीत होत्या हे खरंच होतं. माझ्याही तशाच होत्या.

"तिचा पाय नंतर सटकला," पैलवान म्हणाली. "आधी माझा खांदा सुटला."

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो.

"हा उजवा. दीड वर्ष झालं, दुखतोय. सकाळी केस विंचरायला हात वर जात नाही, लेक विंचरून देते. कुणाला सांगितलं नाही. पैलवान म्हणवून घ्यायचं आणि खांदा दुखतो म्हणायचं, कसं दिसतं ते? काल कळ आली आणि माझी बाजू खाली गेली. ती पोर सावरायला गेली म्हणून सटकली. तिच्या चपलांना कशाला बोल लावता, सर?"

मी एका घरात राहते तिच्यासोबत. एका कट्ट्यावर पोळ्या लाटतो आम्ही. लेक केस विंचरते ते मी रोज बघत होते आणि म्हणत होते, काय लाड चाललेत! मला माझीच लाज वाटली. ती मात्र ताठ उभी होती. ज्या गोष्टीवर तिचं सगळं नाव उभं होतं तीच तिने चारचौघांत खाली ठेवली होती.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग आता काय करू या?"

"गरम पातेलं उचलायचं नाही," पैलवान म्हणाली. "मीही नाही, कुणीच नाही. थंड असताना शेगडीवर चढवायचं, रिकामं झाल्यावर उतरवायचं. मधे हात लावायचा नाही."

"अहो, पण डाळ मुलांपर्यंत जाणार कशी?" सर म्हणाले. "उडत?"

"लहान डब्यांतून. अर्धा भरलेला, झाकण लावलेला. एका हातात मावेल असा."

वाटेत मी तिला म्हटलं, "ताई, हे म्हणजे पळीने विहीर उपसायची झाली."

"उपसू," ती म्हणाली. "विहीर काय कुठे पळून जातेय?"

त्याच संध्याकाळी ती चिमणीच्या घरी गेली. मीही गेले, तिला एकटीला सोडवेना. दार चिमणीच्या सासूने उघडलं. म्हातारी अंगाने सुनेहून लहान, पण जीभ अशी की आमची पैलवान दोन पायऱ्या खाली उतरली.

"आता आलात? चांगली चालती-बोलती सून पाठवली होती मी तुमच्याकडे. भाजून परत दिलीत. दुसऱ्याची लेक आहे ती, तिच्या आईला मी काय तोंड दाखवू? तान्ही पोर रडतेय, आईला मांडीवर घेता येत नाही तिला!"

मी तोंड उघडणार होते. पैलवानने मला कोपराने थांबवलं. सासू बोलत राहिली, ही ऐकत राहिली. शेवटी म्हातारीचा आवाज फाटला आणि ती पायरीवरच बसून रडायला लागली. पैलवान तिच्याशेजारी बसली.

"खरं आहे सगळं," ती म्हणाली. "अजून बोला. आणि बोलून झालं की त्या बाळीला माझ्याकडे द्या, तुम्ही जरा पाठ टेका."

मग रोज संध्याकाळी ती तिथं जाऊन बाळीला खेळवायची. डाव्या खांद्यावर घ्यायची, उजव्यावर नाही. तिच्या खांद्याचं आम्ही घरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. माझ्या थोरल्या दिरांनी तिला दवाखान्यात नेलं, तिथं व्यायाम दाखवले. दाराच्या कडेला हात टेकवून ती ते करायची, आणि सासूबाई बाजूला बसून मोजायच्या, हमखास चुकीचं, म्हणजे दोन-चार जास्तच व्हायचे.

इकडे शाळेत विहीर उपसणं सुरू झालं. नाकी नऊ आले. पातेल्यातून डावाने डबा भरायचा, झाकण लावायचं, वऱ्हांड्यात न्यायचा, परत यायचं. पहिल्या दिवशी शेवटच्या रांगेतल्या मुलांना डाळ मिळेपर्यंत पुढच्या तासाची घंटा झाली. शिक्षक चिडले. मुलं ताटं वाजवायला लागली. वरच्या खिडकीतून एक पोरगं ओरडलं, "पैलवानाने कुस्ती सोडली!" आणि सगळा वर्ग खदाखदा हसला. ती डबा भरत राहिली. फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

असं काही दिवस चाललं. मग एका दुपारी गणिताचे सर तरातरा आत आले. चेहरा घामाघूम.

"बाई, पहिलीची पोरं रडतायत भुकेनं. हे काय चालवलंय? शिपाईमामा, या इकडे, आपण उचलू. दोन पुरुष आहोत, काय होतंय!"

त्यांनी खरोखर बाह्या सरसावल्या. शिपाईमामांनी फडकं हातात घेतलं, पण त्यांची नजर पैलवानकडे. ती शेगडी आणि सरांच्या मधे येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"सर, आधी मला उचलून बाजूला ठेवा, मग पातेलं."

सरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. शिपाईमामांनी एकदम खोकल्याचं निमित्त केलं. मी तोंडाला हात लावला, पण हसू फुटलंच. आणि काय झालं कोण जाणे, सरांनाही हसू आलं. त्यांनी बाह्या खाली केल्या.

"अहो, पण ती पोरं," ते म्हणाले. या वेळी आवाज वेगळा होता.

"पोरांसाठीच म्हणतेय," पैलवान म्हणाली. "त्या वऱ्हांड्यात तीच बसलेली असतात. त्या दिवशी पातेलं उंबरठ्याच्या अलीकडे कलंडलं. पलीकडे कलंडलं असतं तर?"

सरांनी एक रिकामा डबा उचलला. "भरा."

त्या दिवशी त्यांनी आमच्याबरोबर डबे वाहिले. आणि वाहता वाहता त्यांच्या डोक्यात त्यांचं गणित सुरू झालं. सगळी शाळा एकाच घंटेला जेवायला बसवायची कशाला? लहान वर्ग आधी सोडायचे, मोठे मागून. आठवड्याभरात त्यांनी तासांची अदलाबदल केली. शिक्षकांची कुरकुर त्यांनी आपल्या अंगावर घेतली. पहिलीची पोरं आता सगळ्यांच्या आधी जेवायला लागली. त्या बाबतीत मी सरांना पूर्ण मार्क दिले.

मोठ्या बाईंनी काय केलं, तर एक दिवस सकाळी त्या कामाचे कपडे घालून आल्या आणि म्हणाल्या, "आज मी तुमच्यात." कांदे चिरले, डाळ ढवळली, भांडी घासली. शेगडीपाशी वाकून वाकून त्यांची कंबर धरली, आणि दुपारपर्यंत त्या कट्ट्याला धरून धरून चालायला लागल्या. एकदा फरशीवर पाय गेलाच, माझ्या दंडाला धरून वाचल्या.

"तुम्ही रोज यावरून चालता?" त्या म्हणाल्या.

"रोज नाही," पैलवान म्हणाली. "रविवारी सुट्टी असते."

त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. त्यांनी शाळेच्या समितीपुढे जाऊन काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत गवंडी आला. शेगड्या कमरेएवढ्या ओट्यावर चढल्या. फरशी उखडून खरखरीत लाद्या बसवल्या, मधून उतार काढून पाण्याला वाट दिली. नळाचा जोड बदलला. आणि वऱ्हांड्याच्या बाजूची भिंत फोडून रुंद खिडकी केली, बाहेर फळी लावली. आता डबा शेगडीवरून खिडकीत आणि खिडकीतून मुलांच्या रांगेकडे, संपलं. उंबरठा ओलांडायचा प्रश्नच उरला नाही. आम्हाला रबरी तळाचे बूट आले, सुती अॅप्रन आले, कोपरापर्यंतचे जाड हातमोजे आले. पैलवानच्या मापाचे हातमोजे मिळेनात, तेव्हा गवंड्याने आपले दिले.

एक काम राहिलं. सिलिंडर आतल्या कोठीतच होते. ते बाहेर काढून त्यांना जाळीचा पिंजरा करायचा ठरलं होतं, पण लोहाराची तारीख पुढे पुढे जात राहिली. गॅसवाल्याने मात्र येऊन आम्हाला सगळ्यांना बसवून समजावलं. वास आला तर काय करायचं, काय करायचं नाही. त्या वेळी चिमणीही आली होती, काठी टेकत, सासूच्या आधाराने. कामावर रुजू व्हायला अजून वेळ होता, पण म्हणाली, घरी बसून कंटाळा आला. सगळ्यांत जास्त प्रश्न तिनेच विचारले. गॅसवाला शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही माझी नोकरी घ्याल."

ती परत कामावर आली तेव्हा पायावर गुलाबी-तपकिरी चट्टा होता, चालणं बरं होतं. पण शेगडी पेटल्याचा आवाज झाला, तो भुस्स असा, की ती भिंतीला टेकायची. पाचावर धारण बसायची तिची. बडबड तर बंदच. पैलवान तिला म्हणाली, "तू जावेबरोबर भाजी चिर. बाहेरच्या बाकावर. आत यावंसं वाटेल तेव्हा ये, नाही वाटलं तर नको. मी कुठे मरायला टेकलेय, शेगडीला मी आहे."

मग आम्ही दोघी बाहेर बसून चिरायचो. मी मुद्दाम तिच्या मुलीचं विचारायचे. आधी हो-नाही एवढंच. हळूहळू दोन वाक्यं, चार वाक्यं. एकदा तिने मला बाळीच्या पहिल्या दाताची गोष्ट इतकी लांबवून सांगितली की माझं बोट कापता कापता राहिलं. मला बरं वाटलं. पण आत ती जायची नाही. दारापर्यंत टोपली नेऊन ठेवायची आणि मागे फिरायची.

पुढे थंडी पडली. पैलवानला सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, आवाज बसलेला, तरी आली. तिने कुलूप काढलं आणि आत गेली. मी मागे बूट चढवत होते. चिमणी दारापर्यंत आली आणि थबकली. नाक वर केलं.

पैलवान भिंतीजवळ होती. सवयीने तिचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला.

"हात लावू नका! ताई, बटण नको!"

एवढा मोठा आवाज त्या एवढ्याशा छातीत होता हे कुणाला माहीत? मी दचकून बूट टाकला. पैलवानचा हात हवेत तसाच राहिला.

"गॅस येतोय. बाहेर या. काही दाबू नका, काही पेटवू नका. या म्हणते ना!"

पैलवान बाहेर आली. आणि चिमणी आत गेली. मी तिला धरायला हात पुढे केला, तोवर ती कोठीपर्यंत पोचलीसुद्धा. ओढणीने नाक दाबून. सिलिंडरची चावी बंद केल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला, मग कोठीचं मागचं दार उघडल्याचा, मग ती रुंद खिडकी. तेवढं करून ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि इमारतीला वळसा घालून आमच्यापाशी आली. तोवर शिपाईमामा फाटकाकडे पळाले होते. आलेली मुलं त्यांनी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नेऊन उभी केली, खेळ म्हणून.

चिमणी आमच्यापुढे उभी होती. पैलवान तिच्याकडे बघत राहिली.

"मला वास आलाच नाही," ती बसक्या आवाजात म्हणाली. "अजूनही येत नाहीये."

"म्हणून तर," चिमणी म्हणाली. "म्हणून मी ओरडले. मी तुम्हाला अरेतुरे नाही ना केलं, ताई?"

पैलवानने तिला जवळ ओढलं, दोन्ही हातांनी. उजवा हातही पूर्ण वर गेला होता. ते माझ्याच लक्षात आलं, तिच्या नाही.

गॅसवाला आला. कोठीत उंदराने नळी कुरतडली होती. तो चिमणीला म्हणाला, "बरोब्बर केलंत. तो पंखा चालू झाला असता तर एका ठिणगीचं काम होतं." नळी बदलली, आणि लोहाराची तारीख आश्चर्यकारकरीत्या दोनच दिवसांवर आली. मोठ्या बाई स्वतः त्याच्या दुकानात जाऊन बसल्या होत्या म्हणे, पिंजरा गाडीत चढेपर्यंत.

त्या दिवशी जेवण उशिरा झालं आणि कुणीही कुरकुर केली नाही. शेगडी पेटवायची वेळ आली तेव्हा पैलवानने लायटर हातात घेतला. चिमणी दारातून आत आली आणि तिने हात पुढे केला.

"द्या. मी लावते."

"खरंच?"

"एवढं आत जाऊन आले. आता बाहेर बसून भाजी चिरायची म्हणजे जाऊबाईंच्या जिभेखाली राहायचं. त्यापेक्षा ही शेगडी बरी."

जाऊबाई म्हणजे मी. हे बोलणं मी कानाआड केलं. भुस्स झालं, ज्योत निळी उभी राहिली, चिमणीने डोळे घट्ट मिटले आणि मग उघडले. डाळ उकळल्यावर झाकण उघडताना तिने आधी पलीकडची कड उचलली, म्हणजे वाफ पलीकडे गेली. मग ती बाळीबद्दल बोलायला लागली, आणि पैलवान म्हणाली, "सुरू झाली."

या सगळ्याला आता बराच काळ लोटला. आमच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या शाळांतल्या बाया बघायला यायला लागल्या. खिडकी बघायच्या, ओटे बघायच्या, आणि पैलवानला विचारायच्या, आमच्याकडे एवढं करणार कोण? ती म्हणायची, "खिडकी नंतर. आधी डबे आणा आणि उचलायचं बंद करा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही." पलीकडच्या वस्तीत नवी शाळा झाली तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरासाठी माणूस हवा होता. मोठ्या बाईंनी पैलवानला विचारलं. तिने चिमणीचं नाव सांगितलं. चिमणी रडली, सासू रडली, मीही थोडी. पैलवानने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "जा. तिथं कुणी तुला चिमणी म्हणणार नाही, बाईच म्हणतील."

गेल्या आठवड्यात पैलवान सुट्टी काढून ती शाळा बघायला गेली. परत आली तेव्हा मी घरी कट्ट्याशी होते, सासूबाई खुर्चीत, पोरं आजूबाजूला. तिचा चेहरा फुललेला.

"कशी आहे ती?" मी विचारलं.

"कशी काय, मला आत घेतलंच नाही तिनं! दारातच अडवलं. म्हणाली, बाहेरच्या चपला बाहेर काढा, हे बूट घाला, केस बांधा, मग या. मी म्हटलं, अगं, मी! तर म्हणते कशी, ताई, तुम्ही आहात म्हणून तर."

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"मग काय, काढल्या चपला. घातले बूट. घट्ट होते, बोटं दुखली." ती खाली बसली, पाय पुढे पसरले आणि बोटं चोळायला लागली. "काय ठेवलंय तिनं स्वयंपाकघर, सांगते तुला." आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. शेजारीण आली तेव्हा परत पहिल्यापासून. रात्री थोरले दीर आले तेव्हा तिसऱ्यांदा. त्यांनी मधेच विचारलं की हे तुम्ही सगळ्यांनी मघाशीच ऐकलंय का, तर सासूबाई म्हणाल्या, "तू ऐकलं नाहीस. आम्ही ऐकलंय. तरी सांगू दे तिला."